स्टिअरिंगची तपासणी टायरपासून सुरू करा

पुण्यात जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बॉनेटवरून हात फिरवतो, दारं उघडून-लावून बघतो, एसी किती गार होतो ते बघतो. मग सोसायटीभोवती एक चक्कर मारतो आणि उतरताना म्हणतो, ‘स्टिअरिंग मस्त हलकं आहे हो.’ झाली तपासणी. पॉवर स्टिअरिंग आल्यापासून सगळे सांधे झिजलेली गाडीसुद्धा एका बोटाने वळते, त्यामुळे हलकेपणावरून काहीही सिद्ध होत नाही. ज्या गावात १९६६ पासून एआरएआयसारखी वाहनं तपासणारी संस्था आहे, पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात गाड्या तयार होतात, तिथेही गाडी घेताना आपला जास्त वेळ रंग आणि सीट कव्हर बघण्यातच जातो.

जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी आणि आपल्याच गाडीचं स्टिअरिंग ‘काहीतरी वेगळं लागतंय’ असं वाटणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मेकॅनिक असण्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच लक्षात घ्या: हाताला जो दोष स्टिअरिंगमधून जाणवतो, तो बहुतेक वेळा स्टिअरिंगचा नसतो. तो टायरचा असतो, ब्रेकचा असतो, एखाद्या फाटलेल्या बुशचा, म्हणजे सांध्यातल्या रबराचा असतो. म्हणून तपासणी जमिनीकडून वर करत यायची. आधी टायर, मग चाकाजवळचे सांधे, मग कॉलम आणि पॉवर, आणि हे सगळं ठीक असेल तरच रस्ता. हा क्रम उलटा केला की गॅरेजमध्ये ‘रॅक गेलाय’ हे वाक्य ऐकावं लागतं. टाय रॉड एन्डचं, म्हणजे चाकाजवळच्या एका सांध्याचं, काम काही शे रुपयांत भागतं; रॅकचं, म्हणजे स्टिअरिंगच्या मुख्य यंत्रणेचं, बिल हजारांत जातं.

सामान फार लागत नाही. हवा मोजायचा गेज, टॉर्च, जुनं फडकं, गाडीतलाच जॅक, चाकांमागे लावायला दोन विटा, थोडी चिकटपट्टी आणि एक मदतनीस. गाडी दुसऱ्याची असेल तर आदल्या दिवशीच फोन करून सांगा, ‘काका, गाडी मी आल्यावरच सुरू करू, आधी फिरवून आणू नका.’ थंड गाडीत हवेचा दाब बरोबर कळतो आणि पंपाची पहिली कुरकूरही ऐकू येते. गरम करून ठेवलेल्या गाडीत हे दोन्ही निसटतं.

आत काय असतं

आजच्या बहुतेक मोटारींत मांडणी सोपी आहे. तुमच्या हातातल्या चाकाला जोडलेला दांडा म्हणजे कॉलम. तो खाली एक-दोन युनिव्हर्सल जॉइंटमधून वाकत रॅकपर्यंत जातो. तिथे पिनियन नावाचं लहान दातेरी चाक एका आडव्या दातेरी पट्टीला, म्हणजे रॅकला, डावीकडे-उजवीकडे सरकवतं. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड, आणि टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाला टाय रॉड एन्ड. हा एन्ड पुढच्या चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसवलेलं असतं तो वळणारा भाग) ओढतो-ढकलतो, चाक वळतं. चाकाखालचा लोअर आर्म, त्याचा बॉल जॉइंट आणि रबरी बुश ही मंडळी तांत्रिकदृष्ट्या सस्पेन्शनची, पण चाक सरळ धरून ठेवण्याचं काम त्यांचंही आहे. त्यामुळे तीही आपल्या यादीत.

वळवायला मदत करणारी यंत्रणा दोन प्रकारची. जुन्या किंवा मोठ्या गाड्यांत हायड्रॉलिक, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर चालणारा पंप आणि तेल. नव्या छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर. बॉनेट उघडून पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची छोटी टाकी दिसली नाही तर बहुधा इलेक्ट्रिक समजा. ट्रक-बसमध्ये आणि जुन्या जीपच्या धाटणीच्या गाड्यांत रॅकऐवजी स्टिअरिंग गिअर बॉक्स असतो. त्यात थोडा जास्त ढिलेपणा स्वाभाविक असतो, पुढचे आकडे त्यांना लावू नका.

टायर

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर पुढच्या-मागच्या टायरचा दाब लिहिलेला असतो. तेवढीच हवा चारही चाकांत भरा आणि मगच पुढचं काही तपासा. पुढच्या एका टायरमध्ये पाच-सहा पौंड हवा कमी असली तरी गाडी त्या बाजूला ओढते, आणि लोक अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून, करून येतात. पंपावरचा पोरगा सगळ्याच गाड्यांना ‘पस्तीस टाकू?’ विचारतो. त्याला स्टिकरवरचा आकडा सांगा.

आता चाक एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे टायरचा पृष्ठभाग बाहेर दिसेल, आणि टॉर्च मारा. टायर खोटं बोलत नाही, गेल्या हजारो किलोमीटरची नोंद त्यावर असते. दोन्ही कडा झिजलेल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कायम कमी होती. मधला भाग झिजलेला असेल तर जास्त. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड खाल्लेली असेल तर चाकाचा कोन बिघडलाय. अलाइनमेंट चुकलं असेल, नाहीतर कुठला तरी सांधा किंवा आर्म वाकलाय. आतली कड उभ्या उभ्या दिसत नाही, त्यासाठी वाकावंच लागतं. विकणारा बाहेरून टायर-पॉलिश लावतो, आत कोणी लावत नाही.

मग तळवा टायरवर आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं खरखरीत लागलं तर ‘टो’ बिघडलाय, म्हणजे पुढची दोन चाकं एकमेकांना समांतर चालत नाहीत. हे डोळ्याला दिसण्याच्या कितीतरी आधी हाताला कळतं. मात्र हात हळू फिरवा, झिजलेल्या टायरमधून तार बाहेर आलेली असू शकते. ठिकठिकाणी खळगे असतील तर संशय शॉकअबसॉर्बरवर किंवा बॅलन्सिंगवर, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं नसण्यावर.

खाचांची खोली कायद्याने मोटारीसाठी किमान १.६ मिलीमीटर लागते. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर त्यांच्याबरोबरीला आला की बदलायचा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पुढच्या दोन टायरचं साल, कंपनी किंवा झीज खूप वेगळी असेल तर लिहून ठेवा, रस्त्यावर उपयोगी पडेल. बाजूला फुगवटा असेल तर रोड टेस्ट करूच नका. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटले की असा फुगवटा येतो. आपल्याकडे पावसाळ्यानंतर असे टायर भरपूर बघायला मिळतात.

बसल्या जागी: प्ले

स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी पुढची चाकं हलत नाहीत, त्या मोकळ्या फिरण्याला प्ले म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ सांगतो की स्टिअरिंगवर ३० अंशांपेक्षा जास्त मोकळा खेळ असता कामा नये, सांध्यांना रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात. नियमातल्या शेवटच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. पण ३० अंश हा आकडा ट्रकपासून सगळ्यांना लागू आहे. साधारण ३७ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला जवळजवळ १० सेंटिमीटर! रॅकवाल्या छोट्या मोटारीत एवढा प्ले असेल तर कायदा काहीही म्हणो, मी त्या गाडीत बसणार नाही. अशा गाड्यांच्या पुस्तिकांत साधारण ३० मिलीमीटरच्या आतली मर्यादा दिलेली असते आणि चांगल्या गाडीत ती त्याहूनही कमी भरते.

मोजायचं असं: गाडी सपाट जागी, चाकं सरळ, इंजिन सुरू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. स्टिअरिंगच्या वरच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावा. मदतनीसाला पुढच्या टायरकडे बघायला सांगा. दोन बोटांनी स्टिअरिंग हळूच डावीकडे न्या, टायर हलायला लागला की त्याने ‘बस’ म्हणायचं. मग उजवीकडे तसंच. दोन ‘बस’मधलं अंतर पट्टीने मोजा. एकटे असाल तर खिडकीतून हात आत घालून बाहेरून टायरकडे बघत हेच करता येतं.

मग स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आपल्याकडे-पलीकडे हलवा. खटखट आली तर कॉलमचं बेअरिंग किंवा माउंटिंग सैल आहे. उंची बदलायचा खटका असेल तर तो लॉक केल्यावर कॉलम हलता कामा नये. चालत्या गाडीत स्टिअरिंग खाली बसणं हा फार वाईट अनुभव असतो. चावी काढल्यावर स्टिअरिंग लॉक होतं का, चावी घालून थोडं हलवल्यावर सुटतं का, हेही बघून घ्या.

इंजिन बंद करा, चावी फक्त ‘ऑन’ करा. मीटरवर स्टिअरिंगचं आणि एअरबॅगचं चिन्ह उजळलं पाहिजे आणि नंतर विझलं पाहिजे. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी जातो, इलेक्ट्रिक स्टिअरिंगचा इंजिन सुरू झाल्यावर. दिवा विझला नाही तर दोष आहेच. पण दिवा मुळात लागलाच नाही तर जास्त संशय घ्या. कोणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो. आणि फुल वळवून हॉर्न वाजवून बघा, दोन्ही टोकांना. मध्येच वाजत नसेल किंवा स्टिअरिंगच्या आतून घासल्याचा आवाज येत असेल तर आतली क्लॉक स्प्रिंग जात आली आहे. तिच्यातूनच एअरबॅगची वायर जाते, म्हणून ‘हॉर्नचं काय एवढं’ म्हणू नका. आणि स्टिअरिंगचं मधलं झाकण स्वतः उघडायला जाऊ नका.

चाकाजवळचे सांधे

सगळ्यात खात्रीची चाचणी गाडी जमिनीवर असतानाच होते. इंजिन बंद, चावी ‘ऑन’ म्हणजे स्टिअरिंग मोकळं. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना विटा लावा. मदतनीसाने स्टिअरिंग मधोमध ठेवून थोडंसं, पण पटापट, डावं-उजवं करत राहायचं. तुम्ही पुढच्या चाकाच्या मागून टॉर्च मारून टाय रॉड एन्डकडे बघा आणि त्यावर बोटं ठेवा. रॉड हलतो पण नकल त्याच क्षणी हलत नाही, किंवा बोटांना ‘टक’ लागतं, म्हणजे एन्ड गेला. तसाच हात आतल्या बाजूला रॅकच्या टोकावरच्या घड्यांच्या रबरी बूटवर ठेवा. बूट दाबून आतला सांधा चाचपता येतो, टक तिथे लागलं तर रॅक एन्ड. कॉलमच्या खालच्या युनिव्हर्सल जॉइंटला टक असेल तर तो आवाज पायाजवळून येतो आणि मदतनीसाच्या हातालाही लागतो. म्हणजे एकाच आवाजाचे तीन मालक असू शकतात, आणि बोट ठेवूनच तो कोणाचा हे कळतं.

इथेच रबरं बघा. बूट फाटला की ग्रीस बाहेर येतं आणि पाणी-चिखल आत जातो. एका पावसाळ्यात सांधा संपतो. फाटलेला बूट वेळीच दिसला तर फक्त बूट बदलून भागतं. रॅकचा बूट चिंब तेलकट असेल आणि गाडी हायड्रॉलिक असेल तर मात्र रॅकचं सील गळतंय.

नट-पिनांकडे वळा. टाय रॉड एन्डच्या नटला काही गाड्यांत स्प्लिट पिन असते. ती आहे का, वाकवलेली आहे का, बघा. कुठे पिनेऐवजी तार गुंडाळलेली दिसली तर त्या गाडीवर आधी कोणी हात फिरवलाय याचा अंदाज येतो. एन्डच्या मागे लॉक नट असतो. अलाइनमेंट करताना तो सैल करतात आणि घाईत कधी कधी तसाच राहतो. रॉडवर उघडे दिसणारे आटे डावीकडे आणि उजवीकडे जवळपास सारखे असायला हवेत. एकीकडे चार आणि दुसरीकडे बारा दिसले तर गाडी कुठेतरी आपटून वाकलेली आहे आणि वाकलेपण टाय रॉड फिरवून झाकलंय. खात्रीसाठी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा. चाकं सरळ असताना दोन्हीकडे सारखं भरलं पाहिजे. एवढं एक माप घेतलं तरी विकणाऱ्याच्या ‘नो ॲक्सिडेंट’चा निकाल लागतो.

आता जॅक. पुढचं एक चाक कंपनीने दिलेल्या खाचेत जॅक लावून जेमतेम उचला. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग न्यायचा नाही, इथलं सगळं काम बाहेरूनच होतं. चाक घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी धरून झटक्याने हलवा. खेळ लागला तर टाय रॉडच्या वाटेवरचा सांधा. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. इथे खेळ असेल तर व्हील बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. दोन्हींतला फरक ओळखायला मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. शेवटी चाक हाताने फिरवा, घरघर येते का ऐका. दुसऱ्या बाजूलाही हेच.

यातला कुठलाही सांधा उघड ढिला निघाला तर तपासणी इथेच थांबवा. ढिला सांधा घेऊन ‘बघू तरी रस्त्यावर कशी चालते’ याला अर्थ नाही.

पॉवरची मदत

इंजिन बंद असताना स्टिअरिंगवर हलका जोर देऊन धरा आणि इंजिन सुरू करा. ते लगेच हलकं झालं पाहिजे. मग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवा, वजन सगळीकडे सारखं लागायला हवं. मध्येच एखाद्या जागी जड होत असेल तर कॉलमचा जॉइंट गंजलाय किंवा रॅक त्या जागी झिजलाय. टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, पंपावर आणि मोटरवर ताण येतो.

हायड्रॉलिकमध्ये टाकीतलं तेल बघा. फेस म्हणजे हवा शिरली आहे, काळं आणि जळका वास म्हणजे बरेच दिवस कोणी बघितलेलं नाही. झाकणावर कुठलं तेल ते लिहिलेलं असतं, मनाने दुसरं ओतू नका. वळवताना पंप किंचाळतो आणि टोकाला जास्तच ओरडतो, तर आधी तेलाची पातळी, मग बेल्ट, मग पंप. पावसात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर स्टिअरिंग क्षणभर दगड होऊन पुन्हा हलकं होत असेल तर बेल्ट घसरतोय.

इलेक्ट्रिकमध्ये तेलाची भानगड नाही, पण बॅटरीची आहे. बॅटरी कमजोर असेल तर दिवा लागून मदत बंद होऊ शकते. गॅरेजवाला ‘कॉलम बदला’ म्हणाला तर त्याआधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल तपासलेत का, हे विचारायला लाजू नका.

रस्त्यावर

कागद आधी. विमा, पीयूसी, तुमचं लायसन्स, आणि गाडी दुसऱ्याची असेल तर मालक शेजारी. वेळ रविवारी सकाळी सातच्या आधीची. कर्वे रोडवर संध्याकाळी स्टिअरिंग तपासता येत नाही, तिथे फक्त क्लच तपासला जातो.

सुरुवात रिकाम्या पार्किंगमध्ये. मधल्या स्थितीपासून डावीकडे पूर्ण किती फेरे होतात आणि उजवीकडे किती, मोजा. दोन्ही सारखे हवेत. सारखे नसतील आणि तरी गाडी सरळ जाताना स्टिअरिंग सरळ दिसत असेल, तर कोणीतरी स्टिअरिंग काढून वाकडं बसवून दोष लपवलाय. मग फुल लॉकवर, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून, चालण्याच्या वेगाने एक गोल डावीकडे, एक उजवीकडे, खिडक्या उघड्या ठेवून. ‘टक-टक-टक’ असा चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा. जागच्या जागी वळवताना स्प्रिंग ‘टण्ण’ करून सुटल्यासारखी वाटली तर स्ट्रटचं (पुढच्या चाकावरचा स्प्रिंग आणि शॉकअबसॉर्बरचा जोड) वरचं माउंटिंग. टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासत असेल तर टायरचा साइज बदललेला आहे किंवा आतलं अस्तर सुटलंय.

आता १५-२० च्या वेगाने कोपरा घ्या आणि वळण संपताना पकड सैल करा. हात स्टिअरिंगभोवतीच ठेवा, काढू नका. ते आपणहून जवळपास मधोमध परत यायला हवं. दोन्ही बाजूंना आळशीपणे परत येत असेल तर सांधे जाम आहेत किंवा हवा कमी आहे. एक विचित्र दोष इथेच सापडतो: उजवीकडे वळून आल्यावर गाडी थोडी उजवीकडेच जात राहते, डावीकडे वळून आल्यावर डावीकडे. असं असेल तर अलाइनमेंट कितीही वेळा करा, फरक पडणार नाही. स्ट्रटचं बेअरिंग किंवा एखादा बॉल जॉइंट घट्ट झालेला असतो.

मग सरळ रस्ता. पिंपरी-चिंचवडकडे राहणाऱ्यांना स्पाइन रोड सोयीचा. बाकीच्यांनी आपल्या भागातला रुंद, सपाट, सकाळी मोकळा रस्ता शोधावा. ताशी ४०-५० वर पकड सैल करा आणि गाडी कुठे जाते बघा. नवख्यांना इथे एक गोष्ट फसवते. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला मधून कडेकडे उतार असतो. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे निर्दोष गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकते. तेवढं सरकणं हा दोष नाही. दुभाजकाला लागून असलेल्या लेनमध्ये, जिथे उतार कमी वाटतो तिथे, पुन्हा बघा. गाडी उजवीकडे जात असेल, किंवा डावीकडे सरकण्याऐवजी खेचली जात असेल आणि तुम्हाला सतत जोर लावून धरावी लागत असेल, तर दोष आहे.

ओढणाऱ्या गाडीचं मूळ शोधायची स्वस्त युक्ती: पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका. अदलाबदलीनंतर गाडी उलट्या बाजूला ओढायला लागली तर दोष टायरमध्ये आहे. त्याच बाजूला ओढत राहिली तर अलाइनमेंट, बुश किंवा चिकटलेला ब्रेक. थोडं अंतर चालवून थांबल्यावर चाकांजवळ हात नेऊन बघा, रिमला लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही.

मागे कोणी नाही याची खात्री करून ताशी ४० वरून ब्रेक लावा, आधी हलका, मग जोरात. फक्त ब्रेक लावतानाच गाडी एका बाजूला जाते? कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग), ब्रेकचा पाइप, नाहीतर लोअर आर्मचा बुश. फक्त ब्रेक लावतानाच स्टिअरिंग थरथरतं? डिस्क. या दोन्हींसाठी स्टिअरिंग उघडायला देऊ नका.

थरथरण्याचा वेग लिहून ठेवा, निदान त्यातच असतं. २०-४० च्या दरम्यान स्टिअरिंग डुलल्यासारखं हलतं तेव्हा टायरला फुगवटा किंवा रिम वाकलेली. ८०-१०० च्या दरम्यान बारीक थरथर येऊन पुढे कमी होते तेव्हा बॅलन्सिंग. हा वेग शहरात मिळत नाही आणि मिळवूही नये. किवळ्याहून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागलात तर सपाट भागात मोटारींना १०० ची मर्यादा आहे, तेवढ्यात हे कळतं. उर्से टोलनाक्याचा टोल आपण भरायचा, मालकाकडे बघायचं नाही. वेग वाढेल तशी ‘घूं’ वाढत असेल आणि लेनमध्ये किंचित डावीकडे जाताना ती जास्त होत असेल तर उजव्या बाजूचं बेअरिंग, उलट असेल तर डावं.

खडबडीत रस्त्यासाठी पुणेकराला पत्ता द्यावा लागत नाही. पेव्हर ब्लॉक किंवा खोदून भरलेला पट्टा २० च्या वेगाने पार करा. लहान लहान खडखड म्हणजे बहुतेक वेळा स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) लिंक, कधी टाय रॉड एन्ड. गतिरोधकावरून उतरताना एक जड ‘धप’ म्हणजे लोअर आर्मचा बुश किंवा स्ट्रट माउंटिंग. महत्त्वाचं हे की खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग हाताला झटका देऊन दिशा बदलता कामा नये.

हे सगळं पास झालं तरच घाट. कात्रजचा जुना घाट यासाठी चांगला, सलग डावी-उजवी वळणं मिळतात आणि वेग आपोआप कमी राहतो. दोन्ही बाजूंच्या वळणांना सारखाच जोर लागतो का, वळणाच्या मध्यात धरलेली रेषा तशीच राहते का, एवढंच बघा. कात्रजच्या नवीन बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा उतार मात्र चाचणीची जागा नाही. तिथे अवजड वाहनं आणि अपघात यांचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. उतारावर, कुठल्याही कारणासाठी, चालत्या गाडीचं इंजिन बंद करायचं नाही. मदत जाते, ब्रेक जड होतात, आणि चावी काढली गेली तर स्टिअरिंग लॉक होतं.

अलाइनमेंट आणि गॅरेज

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, सांधे बदलून झाल्यावर. ढिल्या एन्डवर केलेलं अलाइनमेंट दुकानाच्या दारात बरोबर असतं आणि पहिल्या खड्ड्यात जातं. कॉम्प्युटरवर आधीचे आणि नंतरचे आकडे येतात, त्याची प्रिंट मागून घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा टो एवढीच गोष्ट बदलता येते. कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कललेला कोन, स्क्रीनवर लाल दिसत असेल तर काहीतरी वाकलेलं आहे, ते शोधावं लागतं. काम चालू असताना स्टिअरिंग मधोमध बांधलं आहे ना, आणि शेवटी दोन्ही लॉक नट आवळले ना, हे उभं राहून बघा. कोणाला राग आला तर येऊ द्या.

सुटे भाग नाना पेठेत सगळे मिळतात, अस्सल आणि नक्कल दोन्ही. टाय रॉड एन्ड आणि बॉल जॉइंट या जागी शंभर-दोनशे रुपये वाचवू नयेत. बिल असलेला, पाकीटबंद भाग घ्या आणि जुना भाग काढल्यावर परत मागा. हातात घेऊन हलवला की तो खरंच गेला होता का ते तुम्हालाच कळेल.

जॉब कार्डवर ‘स्टिअरिंग चेक करणे’ एवढंच लिहिलं की मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि त्याला जे सापडेल ते बदलतो. त्याऐवजी असं लिहून द्या: ‘चारही टायरची हवा स्टिकरप्रमाणे. ८५ ते ९५ वर स्टिअरिंग थरथरतं, ब्रेक न लावता. ब्रेक लावल्यावर वाढत नाही. सपाट रस्त्यावर गाडी उजवीकडे ओढते, टायर अदलाबदल करूनही उजवीकडेच. डाव्या टाय रॉड एन्डला टक लागतं. रॅक उघडण्याआधी फोन करणे.’ काम झाल्यावर मेकॅनिकला शेजारी बसवून तोच रस्ता, तोच वेग, तीच वळणं पुन्हा घ्या, आणि बिल त्यानंतर द्या.